साहित्य, चळवळ आणि आपला मराठवाडा

साहित्य हा समाजाचा आरसा आहे, हे वाक्य आमच्या शालेय जीवनात निबंधाच्या पहिल्याच ओळीत हमखास येत असे आणि गुरुजीही त्यापुढे बरोबरची खूण करीत. पुढे इतिहासाचा अभ्यास करू लागल्यावर या वाक्यातील एक साधी अडचण आम्हांला जाणवू लागली. आरसा ज्याच्या घरात असतो त्याचेच तोंड त्यात दिसते. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीत तो नव्हता. शेकडो वर्षांच्या मराठी ग्रंथांत राजे आले, देव आले, ऋतू आले, नायिकेच्या पैंजणांचा नादही आला. परंतु मेलेले ढोर ओढणारा, गावचा सांगावा घेऊन उन्हातान्हात धावणारा, जोहार घालून पायरीखाली उभा राहणारा माणूस त्यात कधी आलाच, तर नोकर म्हणून वा उपदेशाचे निमित्त म्हणून आला. संत चोखामेळा आणि त्यांच्या घरातील सोयराबाई, निर्मळा यांचे अभंग हा थोर अपवाद होय. पण त्यांनाही मंदिराच्या आत जागा मिळाली नाही. म्हणून साहित्याचे सामाजिक आणि राजकीय कार्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते ग्रंथालयात न शोधता, ज्यांना ग्रंथापासून दूर ठेवले त्यांच्या धडपडीत शोधले पाहिजे.

या धडपडीचा एक ठळक टप्पा 1885 सालचा आहे. पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती. न्यायमूर्ती रानडे यांनी महात्मा जोतीराव फुले यांना निमंत्रण दिले आणि जोतीरावांनी ते पत्र लिहून नाकारले. माणसाला माणसाचे हक्क देण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांच्या ग्रंथांशी शूद्रातिशूद्रांच्या भावनांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. आज हे पत्र अभ्यासक्रमात नेमले जाते, विद्यार्थी त्यावर दहा गुणांचे उत्तर लिहितात. परंतु त्या काळी एका माळी समाजाच्या माणसाने विद्वानांच्या सभेला ‘येणार नाही’ असे कळवणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. साहित्याला राजकारण चिकटवण्याचा आरोप आंबेडकरी लेखकांवर आजही होतो. राजकारण तर आधीपासूनच होते. जोतीरावांनी त्यावरचे पांघरूण तेवढे काढले.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. त्यानंतर 1927 साली ‘बहिष्कृत भारत’, 1930 साली ‘जनता’ आणि 1956 साली ‘प्रबुद्ध भारत’ आले. ही चार नावे एका ओळीत लिहून पाहिली तर छत्तीस वर्षांचा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो. मुका माणूस, बहिष्कृत माणूस, मग जनता, आणि शेवटी प्रबुद्ध माणूस. नावे ठेवण्यात बाबासाहेबांनी किती विचार केला असेल! मात्र ही पत्रे आपल्या भागात फारशी पोहोचत नव्हती, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने सांगितले पाहिजे. आपला कंधार-लोहा परिसर निजामी राज्यात होता. शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू. सभा घ्यायची तर गश्ती निशाण 53 या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या हुकुमानुसार सरकारची परवानगी हवी. त्यात अक्षरओळख असलेला माणूस वस्तीत एखादाच. अशा ठिकाणी विचार कागदावरून येऊ शकत नव्हता. तो गाण्यातून आला.

आपल्या तालुक्यातील माळेगावची यात्रा कोणाला ठाऊक नाही? मार्गशीर्षात खंडोबाच्या नावाने भरणारी ही यात्रा घोड्यांच्या, गाढवांच्या बाजारासाठी जशी प्रसिद्ध, तशी तमाशाच्या फडांसाठीही. राहुट्या लागतात, ढोलकी कडाडते आणि पंचक्रोशीतील माणसे थंडीत घोंगडी पांघरून रात्रभर बसतात. त्या फडांतील कलावंत बहुतांशी कोणत्या समाजांतून आले, हे सांगण्याची गरज नाही. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्याच्या गळ्याचा मात्र विटाळ होत नसे. आंबेडकरी जलशाने हीच कला उचलली आणि तिचा मोहरा फिरवला. तमाशातील गण, गवळण, बतावणी, वग हा सांगाडा लोकांच्या ओळखीचा होता. जलसाकारांनी त्यातील शृंगार बाजूला सारला. बतावणीत सावकार, भट आणि गावचा पाटील उभे केले. वगात महाडचे तळे आणि काळाराम मंदिर आणले. नाशिककडे भीमराव कर्डक यांनी 1930 नंतरच्या दशकात जलशाची फार मोठी कामगिरी केली. ज्या माणसाला भाषण कळत नाही त्याला सवाल-जवाब कळतो, आणि तो घरी जाताना त्यातील दोन ओळी गुणगुणत जातो, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे वामनदादा कर्डक यांनी हे काम गावोगाव नेले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस मुंबईत मजुरी करताना मोठेपणी लिहाय-वाचायला शिकला आणि मरेपर्यंत गाणी लिहीत, गात फिरला. गावात दादांचा कार्यक्रम म्हटला की भाकरी बांधून माणसे चालत येत. बाबासाहेबांचे मूळ ग्रंथ ज्यांनी कधी हातात धरले नाहीत, अशा आमच्या आजीच्या पिढीतील स्त्रियांना जातिव्यवस्था, धर्मांतर, संविधान हे सारे गाण्यांतूनच समजले. ओवीत रामाच्या जागी भीमराव आला, आणि जात्यावर बसलेल्या बाईने तो बदल स्वतः केला. त्यासाठी कोणी ठराव मांडला नव्हता. साहित्याच्या इतिहासात या जात्यावरच्या कवयित्रींची नोंद कोणी घेतली? विद्यापीठीय समीक्षकांनी अनेक वर्षे भीमगीतांना ‘प्रचारकी’ म्हणून बाजूला ठेवले. प्रचार तो होताच. पण शेतात राबून आलेला माणूस रात्री दोन वाजेपर्यंत जागा राहून जे ऐकतो, ते केवळ प्रचारासाठी ऐकत नाही, एवढे त्या समीक्षकांना कळावयास हवे होते.

ध्वनीकडून अक्षराकडे मराठवाड्याला नेले ते मिलिंद महाविद्यालयाने. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादेत हे महाविद्यालय काढले, तोपर्यंत आपल्या भागातील मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. आणि ते ज्यांना परवडे त्यांनाच. नागसेनवनातील वसतिगृहात नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन पोरे दाखल झाली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहून याच मुलांना रंगमंचावर उभे केले. नंतर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे यांनी तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख करून दिली आणि मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेल्या तरुणाला कळले की, समुद्रापलीकडेही कोणी आपल्यासारखेच सोसले आहे व लिहिले आहे. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक याच नागसेनवनाच्या वातावरणात उभे केले आणि अनेक दशके चालवले. नवोदितांची पहिली कविता तेथे छापली जाई. आम्ही महाविद्यालयात असताना ‘अस्मितादर्श’चा एक अंक पंधरा जणांच्या हातांतून फिरे, परत येई तेव्हा मुखपृष्ठ जागेवर नसे.

या परंपरेतील एका पुस्तकाविषयी थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह आवरत नाही. प्रा. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ 1979 साली प्रसिद्ध झाले. लेखक लातूर-नांदेडच्या सीमेवरील मुलखातले. लहानपणीच पोरके झालेले एक मूल बहिणीच्या घरी आश्रिताप्रमाणे वाढते, पोटाला मिळेल ते काम करते, शाळेसाठी धडपडते आणि पुढे इंग्रजीचा प्राध्यापक होते. लेखकाने घोषणा दिलेली नाही, कोणाला शिव्याशाप दिलेले नाहीत. भाषा आपल्या उदगीर-मुखेडकडची, तिच्या हेलासह उतरलेली. आम्ही हे पुस्तक प्रथम वाचले तेव्हा आम्हांला धक्का बसला तो दुःखाचा नव्हे. दुःख तर घरचेच होते. आपली बोली छापता येते, याचा तो धक्का होता. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना साधनांचे प्रकार शिकवतो : ताम्रपट, सनदा, महसुली दप्तरे. निजामी दप्तरात आमची आजा-पणज्यांची पिढी सापडतेच, नाही असे नाही. पण ती बलुत्याच्या नोंदीत किंवा शिरगणतीच्या आकड्यात. ती माणसे काय खात होती, उपाशी पोराला आई काय सांगून झोपवत होती, हे कोणत्याही दप्तरात नाही. ते सोनकांबळे यांच्या, बेबीताई कांबळे यांच्या, शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनांत आहे. साहित्याने इतिहासाची उणीव भरून काढल्याचे याहून ठळक उदाहरण आम्हांला माहीत नाही.

बेबीताईंचे नाव आले म्हणून एक गोष्ट येथेच नोंदवतो. ‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या या माउलीने आपले लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून, प्रत्यक्ष पतीपासूनही, लपवून ठेवले होते. व्यवस्थेविरुद्ध बोलणाऱ्या समाजातील स्त्रीला स्वतःच्या घरातच वही लपवावी लागली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ 1989 साली सिद्ध केला तेव्हा कुठे चळवळीतील स्त्रियांची नावे ग्रंथात आली. आमच्या पुरुष लेखकांनी व वक्त्यांनी याचा संकोच बाळगला पाहिजे. आम्हीही त्यातून सुटत नाही.

आता 1978. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी 27 जुलै 1978 रोजी संमत केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतो. नेमके काय चालले आहे हे कळण्याचे ते वय नव्हते. एवढेच स्मरते की, वडिलांनी चूल पेटवू दिली नाही, धूर दिसेल म्हणून. आणि ती रात्र आम्ही ज्वारीच्या उभ्या पिकात काढली. पाऊस पडत होता. आईने धाकट्या बहिणीच्या तोंडावर हात धरून ठेवला होता. आमच्या घराला काही झाले नाही, पण सगळ्यांचे नशीब असे नव्हते. आपल्याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना त्या ऑगस्टमध्ये ठार मारण्यात आले. पुढे 1979 साली लाँग मार्च निघाला, सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. नांदेडचे गौतम वाघमारे यांनी नोव्हेंबर 1993 मध्ये आत्मदहन केले. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. आमच्या बी.ए.च्या पदवी प्रमाणपत्रावर जुने नाव आहे आणि एम.ए.च्या प्रमाणपत्रावर नवे. दोन्ही प्रमाणपत्रे आम्ही एकाच फायलीत ठेवली आहेत. त्या दोन कागदांच्या मध्ये सोळा वर्षे आणि किती माणसे आहेत, हे वर्गात सांगताना आजही आवाज सावरावा लागतो.

या साऱ्याचा साहित्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. वाद एका फलकावरील शब्दांचा होता! घर, जमीन, पाणी यांपैकी काहीही मागितले नव्हते. ज्याने मराठवाड्यात उच्च शिक्षणाची दारे उघडली त्याचे नाव तेवढे मागितले होते. शब्द निरुपद्रवी असते तर त्यांच्यासाठी घरे जाळली गेली नसती. शब्दांत सत्ता असते हे विरोधकांना आमच्याइतकेच, कदाचित अधिक, ठाऊक होते. दहा वर्षांनी हेच पुन्हा दिसले. महाराष्ट्र शासनाने 1987 साली बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रकाशित केला. त्यातील राम-कृष्णाविषयीच्या परिशिष्टावरून गदारोळ झाला, ग्रंथाच्या प्रती जाळल्या गेल्या, आणि त्याच्या समर्थनार्थ मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. ग्रंथकाराचे महापरिनिर्वाण होऊन तीन दशके उलटली होती. मोर्चातील बहुसंख्यांनी तो इंग्रजी ग्रंथ वाचलेला नव्हता, वाचता येतही नव्हता. टीकाकारांनी याचा उपहास केला. आम्हांला मात्र त्यात उपहासास्पद असे काही दिसत नाही. ज्यांच्या पूर्वजांना ग्रंथ ऐकण्यासही बंदी होती, ते एका ग्रंथाच्या रक्षणासाठी रस्त्यावर उतरले.

तथापि साहित्याच्या सामर्थ्याविषयी बोलताना आपण भाबडे होऊ नये. दया पवार यांचे ‘बलुतं’ 1978 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, म्हणजे आपल्याकडील राख अद्याप गरम असतानाच. पुण्या-मुंबईचा सुशिक्षित वाचक ते वाचून हादरला, परिसंवाद झाले, पुरस्कार मिळाले. हे सर्व उचितच होते. परंतु त्या हळहळीतून मराठवाड्यातील एकही जळालेले छप्पर पुन्हा उभे राहिले नाही. पुस्तक वाचून डोळे पुसणे आणि शेजारच्या वस्तीसाठी पुढे येणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर साहित्य एकट्याने कापू शकत नाही. दलित पँथरने 1972 साली ते कापण्याचा प्रयत्न केला. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे कवी-लेखकच तिच्या अग्रभागी होते. ढसाळांचा ‘गोलपिठा’ त्याच वर्षीचा. पण संघटना अल्पावधीत फुटली. कविता राहिली, संघटना राहिली नाही, याचे दुःख आमच्या पिढीने फार बाळगले आहे.

आपल्या नांदेडचे नाटककार प्रा. दत्ता भगत यांनी ‘वाटा-पळवाटा’ या नाटकात नेमके हेच दुखणे मांडले. बाबासाहेबांना पाहिलेले, त्यांच्या शब्दाखातर आयुष्य वेचलेले काका. शिकून प्राध्यापक झालेला, विचार करकरून थबकणारा सतीश. आणि रस्त्यावरच्या लढ्याची भाषा बोलणारा तरुण अर्जुन. तीन पिढ्या एकाच घरात भांडतात. नाटककार कोणाला दोषी ठरवत नाही. आम्ही हे नाटक प्रथम वाचले तेव्हा अर्जुनाच्या बाजूचे होतो. आता वय वाढले, निवृत्ती दिसू लागली, घराचे कर्ज फिटले, आणि वाचताना आपण सतीशच्या खुर्चीत बसलो आहोत असे जाणवते. हे जाणवणे सुखाचे नाही. परंतु आपल्याच चळवळीला आपल्याच रंगमंचावर प्रश्न विचारता येणे, हेही साहित्याचे राजकीय कार्यच होय.

‘दलित साहित्य’ म्हणावे की ‘बौद्ध साहित्य’ की ‘आंबेडकरवादी साहित्य’, हा वाद येथे विस्ताराने मांडत नाही. धम्मदीक्षेनंतर स्वतःला दलित का म्हणावे, हा आक्षेप रास्त आहे आणि आम्हांला तो मान्यही आहे. पण या वादात खर्ची पडलेली संमेलने मोजली तर तेवढ्या वेळात पुष्कळ लिहून झाले असते.

आपल्या विद्यालयाकडे वळतो. पालक सभेत आम्हांला दरवर्षी एक प्रश्न विचारला जातो : “गुरुजी, कथा-कविता वाचून पोरगं पोलीस भरतीत लागणार हाय का?” प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही कधी हसलो नाही. तो बाप दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातो, पोर वसतिगृहात ठेवून जातो, आणि त्याला त्या पोराच्या हाती कोयता नको आहे. त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात ‘माझी दिवाळी’ या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. एका मुलीने लिहिले की, तिची दिवाळी मार्चमध्ये असते, कारण पट्टा पडल्यावर आई-बाप गावी येतात. तेव्हा आई तिला न्हाऊ घालते आणि कानवले करते. आम्ही सवयीप्रमाणे लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढीत चाललो होतो. ‘मार्च’ या शब्दाखालीही रेघ ओढली, चूक समजून. मग पुढचे वाचले आणि पेन खाली ठेवले. तो निबंध आम्ही पालक सभेत वाचून दाखवला, तिचे नाव न सांगता. सभा संपल्यावर तो प्रश्न विचारणारे गृहस्थ जवळ आले व म्हणाले, “ते वाचन बंद करू नका.” शनिवारचा वाचनतास आजही वेळापत्रकात आहे. दरवर्षी कोणी ना कोणी तो स्पर्धा परीक्षेच्या सरावाला द्यावा अशी सूचना करतो, आणि दरवर्षी आम्हांला त्यासाठी थोडे भांडावे लागते.

माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे, ते मांडून थांबतो. वर्षावासात आपल्या विहारांमधून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, ही परंपरा टिकून आहे. जयंतीच्या मिरवणुकीत मात्र डीजेने गायन पार्टीला हुसकावले. तालुक्यातील जुने गायक एकेक करून निघून चालले आहेत. पेटी-ढोलकी माळ्यावर पडली आहे, आणि त्यांनी हाताने उतरवून काढलेल्या गाण्यांच्या वह्या ट्रंकेत वाळवी खाते आहे. गेल्या वर्षी अशी एक वही आम्ही पाहावयास गेलो, तेव्हा घरच्यांनी ती रद्दीत घातल्याला आठ दिवस झाले होते. आपल्या घरी, आजोळी, सासरी अशी वही असेल तर ती विद्यालयात आणून द्यावी. आम्ही तिची प्रत काढून मूळ वही परत करू. गायकाचे नाव, गाव आणि तो कोणत्या साली गात असे एवढे सोबत लिहून द्यावे. ग्रंथालयातील खिडकीजवळचे एक कपाट त्यासाठी रिकामे करून ठेवले आहे. वहीची पाने सुटी झाली असली, काही गहाळ असली, तरी चालेल.